साठ हजारांची रेघ, पस्तीस हजारांचं पाणी

पाऊस आल्याचं वेधशाळा सांगते. तो खरा लागला हे पुणेकरांना भिडे पूल सांगतो. डेक्कन आणि नारायण पेठ यांना जोडणारा मुठेवरचा हा पूल इतका बुटका आहे, की खडकवासल्यातून सोडलेलं पाणी पंधरा-वीस हजार क्युसेकच्या घरात गेलं की तो दिसेनासा होतो. मग पोलीस दोन्ही टोकांना अडथळे लावतात, वाहिन्यांचे कॅमेरे येतात आणि शेजारच्या झेड ब्रिजवर छत्र्या घेऊन माणसं पाणी बघायला गर्दी करतात. ‘भिडे पूल पाण्याखाली’ ही बातमी वर्तमानपत्रं जवळजवळ दरवर्षी छापतात आणि वाचक ती दरवर्षी नव्यानं वाचतात.

संपादकांनी सांगितलं होतं नदीकाठ सुधार प्रकल्पावर लिहायला. आराखडे चाळले, नकाशे पाहिले आणि नदीपात्रात उतरल्यावर अडकलो तो याच पुलाशी. उन्हाळ्यात त्याच्यावरून दुचाक्यांची रांग जाते. खाली सिमेंटनं बांधून काढलेल्या अरुंद नाल्यातून काळपट पाणी सरकत असतं, कडेला जलपर्णीचे पुंजके आणि त्यांत बगळे. नाल्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या कोरड्या पात्रात गाड्या लावलेल्या, खाण्याच्या हातगाड्या उभ्या, पलीकडे मेट्रोचे खांब. पूर ओसरला की त्याच पुलाच्या कठड्यांना जलपर्णी, चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या लोंबतात आणि रस्त्यावर बोटभर गाळ बसलेला असतो. पुण्यातले बाकीचे पूल नदीला ओलांडून जातात. हा एकटा वर्षातून काही दिवस कबूल करतो, की पात्र नदीचं आहे.

मुठेच्या खोऱ्याचा छापील इतिहास दोन-तीन मुक्कामांत उरकता येतो. जुन्या कसब्याला मुठेशिवाय दोन ओढ्यांची सोबत होती, पूर्वेला नागझरी आणि पश्चिमेला आंबिल ओढा. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळांतून, निव्वळ उताराच्या बळावर, शनिवारवाड्यापर्यंत आणलं. त्याच काळात आंबिल ओढा पर्वतीच्या पायथ्याशी अडवून तळं केलं, आज तिथे सारसबाग आहे, आणि ओढ्याचा प्रवाह पश्चिमेकडे वळवला. मोकळ्या झालेल्या जागेवर पेठा वाढल्या. शहरासाठी पाण्याला बाजूला व्हायला सांगण्याची पुण्यातली रीत एवढी जुनी आहे.

इंग्रजांनी या रीतीला मोठं माप दिलं. छावणीला पिण्याचं पाणी आणि पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्याला शेतीचं पाणी हवं म्हणून कॅप्टन फाइफ यांच्या आराखड्यानुसार १८७०च्या दशकात खडकवासल्याचं दगडी धरण उभं राहिलं. त्याच्या जलाशयाला तेव्हा ‘लेक फाइफ’ म्हणत. दोन्ही काठांनी कालवे निघाले. उजवा कालवा शहरातून हडपसरकडे गेला. डावा काळाच्या ओघात बुजला, पण एरंडवणे-कर्वेनगरच्या लोकांच्या पत्त्यात ‘कॅनॉल रोड’ अजून आहे. कालवा गेला आणि त्याच्या जागेचा रस्ता झाला. नदीच्या बाबतीत पुढे जे घडायचं होतं, त्याची ही रंगीत तालीमच होती.

खडकवासल्याच्या इतिहासात मला सगळ्यात भुरळ घातली ती १९०३ साली बसवलेल्या दारांनी. पुण्याच्याच कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आज संगमाजवळ असलेल्या सीओईपीत शिकलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्याच्या सेवेत इंजिनिअर होते. धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवायचं कसं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. सांडव्यावर भिंत चढवावी तर साठा वाढतो, पण मोठा पूर आला तर पाण्याला वाट उरत नाही आणि धरणच धोक्यात येतं. साधी दारं बसवावीत, तर मध्यरात्री चढणाऱ्या पुरात ती उघडायला माणूस वेळेवर पोचलाच पाहिजे. विश्वेश्वरय्यांनी मधला माणूसच काढून टाकला. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढलं की त्याच पाण्याच्या जोरावर दारं आपोआप उघडत आणि पातळी उतरली की आपोआप मिटत. पावसाळा सरता सरता जे जादा पाणी पूर्वी सांडव्यावरून वाहून जायचं, ते अशा दारांमुळे धरून ठेवता आलं. साठ्याची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढली. त्यांनी या दारांचं पेटंट घेतलं. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिघ्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही त्यांची स्वयंचलित दारं बसली.

या दारांचं मला कौतुक वाटतं ते यासाठी, की त्यांना हुकमाची वाट बघावी लागत नव्हती आणि शहराचं दडपणही त्यांच्यावर नव्हतं. पाणी किती चढलं, एवढंच त्यांना कळे. आज धरणाच्या ११ दरवाजांपैकी किती, किती फूट आणि केव्हा उघडायचे, हे माणसं ठरवतात. वरच्या धरणांतून येणारा येवा, घाटमाथ्यावरचा पाऊस, खाली गणपतीचं विसर्जन आहे की पालखी मुक्कामाला आहे, पात्रातल्या गाड्या हलवल्या की नाहीत, हे सगळं त्या एका निर्णयात येतं. त्यात वेळेचं गणित फार घट्ट आहे. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांचा मिळून साठा २९.१५ टीएमसी, त्यात खडकवासल्याचा वाटा फक्त १.९७, जेमतेम सात टक्के. वरून ३५ हजार क्युसेकनं पाणी येत असेल, तर अगदी रिकामं खडकवासलाही सोळा तासांच्या आत काठोकाठ भरेल. ऐन पावसाळ्यात ते रिकामं नसतंच. तेव्हा पूर थोपवून धरण्याची ताकद या धरणात फारशी नाही. आलेलं पाणी पुढे पाठवायचं आणि पाठवण्याआधी खालच्यांना सांगायचं, एवढंच त्याला शक्य आहे.

१२ जुलै १९६१ या दिवशी पाठवणं-सांगणं दोन्ही संपलं. बांधकाम अपुरं असलेलं पानशेतचं मातीचं धरण सकाळी फुटलं आणि त्या लोंढ्यापुढे काही तासांत खडकवासल्याचीही भिंत गेली. शनिवार, नारायण, कसबा, सोमवार या पेठांतले नदीकाठचे वाडे वाहून गेले. पुण्याच्या एका पिढीचं आयुष्य ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुराच्या नंतर’ असं मोजलं जाऊ लागलं. घरं गेलेल्यांसाठी वसाहती उभ्या राहिल्या. सहकारनगर, गोखलेनगर ही नावं आज मध्यमवर्गीय स्थैर्याची वाटतात, पण त्यांच्या मुळाशी पूरग्रस्तांच्या सोसायट्या आहेत. त्या पिढीनं एक शहाणपणाची गोष्ट केली. ती उंचावर राहायला गेली.

पुढच्या पिढ्या पुन्हा खाली उतरल्या. वर चार धरणं झाली, पाणी कालव्यात आणि नळात गेलं आणि मुठेचं पात्र वर्षातले आठ-नऊ महिने कोरडं दिसू लागलं. कोरडी जागा शहराच्या मध्यभागी, तीही फुकट! मग कुणाला राहवतंय? पात्रात वाहनतळ आले, सर्कशीचे तंबू आले, नदीपात्रातला रस्ता झाला. म्हात्रे पूल ते राजाराम पूल या पट्ट्यात लॉन्स आणि मंगल कार्यालयं थाटली. बांधकामांचा राडारोडा रात्री काठावर येऊन पडू लागला आणि दर ट्रकमागे काठ पात्रात थोडा सरकला. वनाज-रामवाडी मेट्रोची मार्गिका डेक्कनजवळ पात्रात उतरली, तेव्हा प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं आणि अटींवर मार्गी लागलं. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर किरकोळ वाटते. सगळ्यांची बेरीज करणारं खातं मात्र कुठेच नाही.

खरी नदी तोवर कालव्यातून वाहू लागली होती. नवा मुठा उजवा कालवा २०२ किलोमीटर लांब आहे. तो शहराच्या पोटातून हवेली, दौंड, इंदापूरपर्यंत जातो. पुणं आपला वाटा वाढवत गेलं, तसतशी दौंड-इंदापूरची ओरड वाढली. त्यावर तोडगा निघाला अदलाबदलीचा: शहरानं धरणाचं स्वच्छ पाणी प्यावं आणि सांडपाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून जुन्या कालव्यात, ज्याला सगळे ‘बेबी कॅनॉल’ म्हणतात, शेतीसाठी सोडावं. कागदावर हिशोब चोख आहे. शेतकऱ्यांची तक्रार त्या पाण्याच्या रंगाबद्दल आणि वासाबद्दल आहे. कालव्याकडेही शहराचं लक्ष तो फुटला तेव्हाच गेलं. २७ सप्टेंबर २०१८ रोजी जनता वसाहतीजवळ उजव्या कालव्याची भिंत गेली आणि दांडेकर पूल परिसरातल्या घरांत भर दुपारी पाणी शिरलं. तेव्हाच्या जलसंपदा मंत्र्यांनी उंदीर, घुशी आणि खेकड्यांकडे बोट दाखवलं.

पुढच्याच वर्षी पेशव्यांनी वळवलेल्या आंबिल ओढ्याची पाळी आली. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कात्रजच्या बाजूला ढग रिते झाले आणि ओढ्याकाठच्या टांगेवाला कॉलनीसारख्या वस्त्यांत भिंती कोसळल्या. शहर आणि परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. या पाण्याचा खडकवासल्याशी काही संबंध नव्हता. धरणाच्या खालीही खोरं आहे, त्यात डोंगर आहेत, त्यांवर पाऊस पडतो आणि त्याला कुठलंच दार नाही, ही साधी गोष्ट शहर विसरलं होतं.

आता त्या रेघांकडे येऊ. पाटबंधारे खात्याच्या १९८९च्या परिपत्रकानुसार नदीकाठी दोन पूररेषा आखतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्याच्या आत बांधकामाला मनाई, निळी ते लाल या पट्ट्यात निर्बंध. पुण्यात मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेकला धरली आहे, लाल एक लाखाला. म्हणजे ६० हजारांपर्यंतचं पाणी निळ्या रेषेच्या आत मावलं पाहिजे.

२५ जुलै २०२४ रोजी पहाटेपासून खडकवासल्याचा विसर्ग वाढवत ३५ हजारांवर नेला. दर सेकंदाला दहा हजार लिटरचे शंभर टँकर रिकामे करावेत, एवढं हे पाणी. तरीही ते निळ्या रेषेच्या आकड्याहून कितीतरी कमी. पण सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत आणि निंबजनगरमध्ये इमारतींच्या तळमजल्यांत पाणी चढलं, वाहनतळातल्या गाड्या बुडाल्या आणि लोकांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत विजेचा धक्का बसून तिघांचा जीव गेला. रहिवासी म्हणाले, आम्हाला वेळेवर कळवलंच नाही. पाटबंधारे आणि महापालिका यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या रात्री धरणाखालच्या खोऱ्यातही जोराचा पाऊस होता, ओढेनाले भरून आले होते, हे खरं. पण ६० हजारांसाठी आखलेली जागा जर त्याच्या आतल्या पाण्यात बुडते, तर रेघ चुकीची आहे किंवा रेघेच्या आतली नदी आक्रसली आहे. दोन्ही असण्याचीच शक्यता जास्त.

या पार्श्वभूमीवर आराखड्यांची ती जाडजूड भेंडोळी पुन्हा उघडली. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर नदीकाठ, ४,७२७ कोटी रुपयांचा अंदाज, मार्च २०२२मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन. काठांना बांध, त्यांवर फिरायचे रस्ते, बागा, सायकलमार्ग. साबरमतीचा आदर्श उघड आहे. महापालिका म्हणते, पूर वाहून नेण्याची क्षमता घटणार नाही आणि पुराचा धोका कमी होईल. नदीचे अभ्यासक विचारतात, पात्राच्या दोन्ही बाजूंनी भराव घातल्यावर पाणी जाईल कुठे? साबरमतीला अहमदाबादेत नर्मदेच्या कालव्याचं पाणी मिळतं. मुठेत उन्हाळ्यात येतं ते सांडपाणी. ते शुद्ध करायला जपानच्या कर्जातून ११ प्रकल्प, रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेचे, मंजूर झाले ते २०१६च्या सुमारास. ते रखडत राहिले आणि काठाचं सुशोभीकरण त्यांच्या पुढे धावलं. पाण्याआधी पायऱ्या बांधायच्या, असा हा क्रम आहे. प्रकल्पातली झाडतोड थांबवण्यासाठी २०२३च्या उन्हाळ्यात लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा वाद झाडांचा दिसत होता. त्याच्या खाली वाद होता तो नदीची रुंदी किती, हाच.

धरणाखाली खडकवासल्यालाच १९१६ साली स्थापन झालेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचा परिसर आहे. देशभरातल्या बंदरांच्या आणि धरणांच्या प्रतिकृती तिथे जमिनीवर मांडून त्यांतून पाणी सोडून पाहतात. इतकं ज्ञान उशाशी असताना मुठेची खरी क्षमता आज किती, हे ठरवायला पुण्यानं पूर येण्याची वाट बघावी, याला काय म्हणायचं? दर पावसाळ्याआधी पात्राचे छेद मोजावेत, ३५, ४५ आणि ६० हजारांना पाणी नक्की कुठवर चढेल याचे नकाशे काढावेत आणि ते गल्लीच्या तोंडाशी रंगवावेत. त्याला ना परदेशी कर्ज लागतं ना भूमिपूजन.

आणखी एक काम त्याहून स्वस्त आहे. सिंहगड रस्त्यावर घर घेणाऱ्या जोडप्याला खरेदीखतात चटईक्षेत्र चौरस फुटाच्या दशांशापर्यंत कळतं. तळमजला किती क्युसेकला बुडेल, हे कुठल्याही पानावर नसतं. तो आकडा नोंदणी कार्यालयात दस्तावर यायला हवा. तो छापला जाऊ नये असं वाटणारे बरेच असतील: भराव टाकणारे, परवानगी देणारे आणि काणाडोळा करणारे. विसर्गाचे आकडे दर तासाला जाहीर करणाऱ्या शहरात हा एक आकडा इतकी वर्षं गुलदस्त्यात का राहिला, याचं उत्तर या तिघांनाच विचारावं लागेल, आणि विचारायचं तर पाणी चढायच्या आधी.