खाडाखोडीला फुटलेली चोच

शाळेत आम्हाला खाडाखोडीचा धाक होता. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, पुढे जायचं. गिचमिड केली की गुण कापले. त्या वळणाच्या माणसाने रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘पूरबी’ या कवितासंग्रहाचं हस्तलिखित पाहू नये. निदान छायाचित्रात तरी जपून पाहावं, कारण मग तासभर दुसरं काही सुचत नाही.

एखादी ओळ नको झाली की ती ते नुसती खोडत नाहीत, शाईने गच्च भरून काढतात. खाली दोन ओळी सोडून आणखी एक शब्द असाच बुजलेला. मग या दोन काळ्या डागांमधून, शाबूत ओळींना धक्का न लावता, एक वाट वळत जाते. डागाला पोट येतं, वाटेची मान होते, टोकाला चोच फुटते. कविता शिल्लक असते, पण आता ती कुठल्याशा अनोळखी प्राण्याच्या अंगाखांद्यावरून वाचावी लागते.

हे १९२४ सालचं. पेरूला निघालेले रवींद्रनाथ वाटेत आजारी पडले आणि अर्जेंटिनात, ब्वेनोस आयर्सजवळच्या सान इसिद्रोला व्हिक्टोरिया ओकाम्पो या लेखिकेच्या पाहुणचारात राहिले. वय त्रेसष्ट. नोबेल मिळून अकरा वर्षं झालेली. अशा वयात माणूस आपलंच जुनं गिरवत बसतो. खोडलेल्या शब्दांवर असे आकार त्यांनी आधीही काढले होते, पण या वहीत ते पानापानावर माजले. ते पाहून ओकाम्पोबाई चकित झाल्या. पुढे मे १९३०मध्ये पॅरिसच्या पिगाल गॅलरीत रवींद्रनाथांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं, तेही बाईंच्याच खटपटीने.

यातली गंमत कळायला तीस वर्षं मागे जावं लागतं. १९००मध्ये रवींद्रनाथांनी आपले मित्र, शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांना पत्रात कळवलं होतं की सध्या वही घेऊन चित्रं काढतोय. ती काही पॅरिसच्या प्रदर्शनासाठी नाहीत, आणि ती विकत घ्यायला कुठल्या देशाचं राष्ट्रीय कलादालन कर वाढवील अशीही धास्ती नाही, अशी स्वतःचीच थट्टा त्यात होती. पॅरिसचं वर आलंच आहे. १९३०मध्येच बर्लिनच्या राष्ट्रीय कलादालनाकडे त्यांची पाच चित्रं गेली. भेट म्हणून, म्हणजे कर वाढवावा लागला नाही एवढंच. १९३७मध्ये नाझींनी ‘भ्रष्ट कला’ म्हणून ती तिथून काढली.

पण ज्याला चाळिशीत चित्र जमेना, त्याला साठीनंतर कसं जमलं? १९००मध्ये ते चित्र काढायला बसले होते. ‘पूरबी’च्या वेळी ते कविता दुरुस्त करायला बसले होते. हा फरक मला फार मोठा वाटतो. कोऱ्या कागदावर पक्षी काढायचा तर पक्षी येत असावा लागतो. खोडलेल्या ओळीला मात्र आधीच एक लांबी असते, जागा असते, आणि ती विद्रूप दिसते ही तक्रारही असते. त्यांना स्वतःला वाटे की या खुणा जणू पापी जिवांसारख्या उद्धार मागतात, आणि तो होतो लयीने. एकेकट्या डागाला अर्थ नाही. दुसऱ्याशी त्याचा तोल साधला की तो जिवंत होतो. म्हणजे इथे हात चित्रकाराचा नव्हताच. दोन हजारांवर गाणी रचलेला कान इथे कामाला लागला होता.

लय मोजतात ती मात्रांनी, आणि बंगालीत अक्षरावरच्या शिरोरेघेलाही ‘मात्रा’च म्हणतात. आपल्या शिरोरेघेसारखीच ती शब्दाला वरून बांधून ठेवते. माझा आपला तर्क असा की ज्या लिपीत प्रत्येक शब्द आधीच एका आडव्या काठीला टांगलेला आहे, तिच्यात खोडलेला शब्द लोंबकळता प्राणी व्हायला फार वेळ लागत नसावा.

एकदा हात सुटल्यावर मग कवितेचीही गरज उरली नाही. चिंध्या, बोटं, मिळेल ती शाई. १९४१मध्ये गेले तेव्हा मागे दोन हजारांहून अधिक चित्रं होती, बहुतेक बिननावाची. आयुष्यभर शब्दांत राहिलेल्या माणसाने चित्राखाली एक शब्द लिहायला नकार द्यावा, हे मला त्या पक्ष्यांइतकंच नवलाचं वाटतं.

आणि एक शंका काही केल्या जात नाही. एखाद्या पानावर, शेपटीला वळण हवं म्हणून, चांगला भला शब्दही बुजवला गेला असेल का? भिंग घेऊन पाहिलं. शाई इतकी गच्च आहे की खालचं अक्षर लागत नाही.