घरातली हवा मोजायची कशी?

छत्रपती संभाजीनगर हे २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांपैकी एक. पण सरकारी मोजणी बाहेरच्या हवेची असते; शहरातल्या गारखेड्यासारख्या भागातल्या फ्लॅटमध्ये काय चाललंय, ते तिथे उमटत नाही.

घरासाठी मिळणाऱ्या छोट्या मीटरमध्ये पंखा हवा ओढतो, लेसरचा झोत धूलिकणांवर पडतो आणि विखुरलेल्या प्रकाशावरून अतिसूक्ष्म कणांचा, म्हणजे पीएम २.५चा आकडा निघतो. आपण बसल्यावर आपल्या नाकाच्या उंचीला येईल असा मीटर ठेवा. खिडकी आणि शेगडीपासून लांब. मग मिरचीची फोडणी द्या किंवा मच्छर अगरबत्ती लावा. आकडा झपाट्याने चढेल. त्या क्षणाच्या आकड्यापेक्षा खिडक्या उघडल्यावर तो किती वेळात उतरतो, हे पाहणं जास्त उपयोगाचं. पावसाळ्यात दमट हवेने कण फुगतात आणि मीटर जरा जास्तच दाखवतो, हेही ध्यानात असू द्या.

तुलनेसाठी: पीएम २.५ची २४ तासांची भारतीय मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, तर जागतिक आरोग्य संघटनेची १५. दोन्ही सरासरीच्या आहेत, त्यामुळे फोडणीच्या पाच मिनिटांना त्या लावू नयेत.

कार्बन मोनॉक्साइड मात्र हा मीटर दाखवत नाही. या वायूला ना रंग, ना वास. बंद बाथरूममधला गॅस गिझर जिवावर बेततो तो त्यामुळेच. त्यासाठी वेगळा अलार्म मिळतो. तरी गिझर बाथरूमबाहेर बसवणंच शहाणपणाचं.