एर्डिग : चाकरांची ओळख जपणारा वाडा

उत्तर वेल्समध्ये रेक्सम शहराजवळ एर्डिग हा जुना वाडा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली ही वास्तू १७३३ पासून यॉर्क घराण्याकडे होती. भोवतालच्या उद्यानाची आखणी विल्यम एम्स याने १७६८ पासून केली. त्यातील 'कपबशी' नावाचा धबधबा प्रसिद्ध आहे.

सरदार-जमीनदारांच्या वाड्यांतून पूर्वजांची तैलचित्रे असावयाचीच. येथे मात्र सुतार, शिकाररक्षक व मोलकरीण यांनाही भिंतीवर स्थान मिळाले. १७९३ साली चितारलेली जेन एब्रेल सत्त्याऐंशी वर्षांची होती. कोळिष्टके झाडणे हे तिचे काम. चित्रांवर मालकाने रचलेली पद्येही आहेत. अर्थात हे कौतुक मालकाच्या शब्दांतले. चाकरांचे स्वतःचे म्हणणे त्यात नाही. तरीही त्यांचे नाव, चेहरा व काम यांची नोंद राहिली, हे त्या काळी दुर्मिळच.

पुढे कोळशाच्या खाणीमुळे वाड्याखालची जमीन खचली. अखेरच्या वारसाने १९७३ साली तो सामानासुमानासकट नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेस दिला. दुरुस्तीनंतर १९७७ साली वाडा लोकांसाठी खुला झाला, तेव्हा पाहुण्यांची वाट सुतारशाळा, धुणीघर व स्वयंपाकघर यांवरून आखली गेली. घर कोणाच्या कष्टांवर चालत होते हे आधी दिसते. मालकांची दालने नंतर येतात.