शेवळात काकड का घालतात? एका जुडीतून संशोधनप्रश्न कसा निघतो

पेटची किंवा मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "ताई, विषय ठरलाय. आमच्या भागातली खाद्यसंस्कृती. आता सिनॉप्सिस कसा लिहू?" म्हणून आधी एक स्पष्ट सांगते. "शहापूर-मुरबाडची खाद्यसंस्कृती" हा विषय झाला, प्रश्न नाही. विषयावर निबंध होतो, व्हिडिओ होतो, फार तर जिल्हा परिषदेच्या स्मरणिकेत लेख होतो. पीएचडीला प्रश्न लागतो, आणि प्रश्न असा लागतो की त्याचं उत्तर "नाही" असंही येऊ शकेल.

तो कसा शोधायचा हे एकाच भाजीवर दाखवते. शेवळं. (गुगलवर टाकलंत तर शेवाळ येईल, तलावातलं हिरवं. त्याचा हिच्याशी काही संबंध नाही.)

मे संपता संपता वळवाचे एक-दोन पाऊस झाले की आपल्याकडच्या जंगलात जमिनीतून जांभळट-तपकिरी कोंब वर येतात. हे पान नाही, हा फुलोरा असतो. पान नंतर येतं. वनस्पतीचं नाव ॲमॉर्फोफॅलस कम्युटाटस, कुळ अळूचं, म्हणजे आपल्या सुरणाची सख्खी चुलत बहीण. सुमात्रातलं ते माणसापेक्षा उंच, सडक्या मांसाचा वास येणारं फूल फोटोत पाहिलं असेल, तेही याच प्रजातीगटातलं. आपलं शेवळं उमललं की तेही घाण वास सोडतं, कारण परागीभवनासाठी त्याला किडे बोलवायचे असतात. खायचं असतं ते उमलायच्या आधी.

पाड्यावरच्या ठाकूर-कातकरी बाया पहाटे रानात जाऊन ते खुडून आणतात आणि जुड्या बांधून खर्डी, आटगाव, आसनगाव, वाशिंदहून लोकलने कल्याण-ठाण्याला नेतात. मुरबाडकडे रेल्वे नाही, तिथला माल रस्त्याने कल्याणला उतरतो. घेणारी गिऱ्हाइकं कोण? ठाणे-मुंबईतली सीकेपी, पाचकळशी मंडळी शेवळांसाठी वर्षभर थांबलेली असतात. त्यांच्याकडे ती कोलंबी, सोडे किंवा खिमा घालून होतात, शेवळाची कणी होते. पाड्यावर तीच भाजी तेल-मिरची-मिठात, फार तर डाळ घालून. एकाच कोंबाच्या दोन स्वयंपाकघरांतल्या दोन गोष्टी. पण दोन्हीकडे एक वस्तू सारखी असते. जुडीबरोबर विकणारी बाई हिरव्या आंबट फळांचा छोटा वाटा देते. ती काकडं. झाड गारुगा पिन्नाटा. काकडं नसतील तर जाणकार गिऱ्हाईक जुडी घेतच नाही.

का? कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "नाहीतर घसा खाजतो. आंबटाने खाज मरते." इथेच तुमचा प्रश्न बसलेला आहे. बहुतेक जण हे वाक्य "पारंपरिक ज्ञान" म्हणून प्रबंधात जसंच्या तसं उतरवतात आणि पुढे जातात. काही जण उलट करतात, त्याला एक शास्त्रीय झूल चढवतात: "काकडातील आम्लामुळे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक विरघळतात." वाचायला छान वाटतं. पण आकडे घालून बघू.

अळूच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. दोन्ही टोकांना अणकुचीदार, गठ्ठ्याने बांधलेले. चावलं की ते जिभेत-घशात रुततात. हे रसायन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, साध्या तापमानाला लिटरभर पाण्यात जेमतेम ६-७ मिलिग्रॅम. आता आंबट घातलं तर? ऑक्झॅलिक आम्लाचा दुसरा पीकेए साधारण ४.२ आहे. तुमच्या कढईतल्या पाण्याचा सामू ३ पर्यंत उतरला (हे चांगलंच आंबट झालं, तोंड वाकडं होईल एवढं) तर समतोलाच्या साध्या हिशेबाने विद्राव्यता चार-साडेचार पट होते. म्हणजे लिटरला तीसेक मिलिग्रॅम. भाजीत पाणी असतं पाव लिटर. विरघळणार सात-आठ मिलिग्रॅम. आणि अळूवर्गीय भाज्यांत ऑक्झलेट सापडतं ते शंभर ग्रॅमला काहीशे मिलिग्रॅमच्या घरात. गरम केल्याने, फळातली आम्लं कॅल्शियमला धरून ठेवत असल्याने आकडा थोडा वाढेल, पण शेकड्यांचा हिशेब त्यातून भरत नाही. प्रयोगशाळेत हे स्फटिक विरघळवायला आपण हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतो, चिंच नाही.

म्हणजे परंपरा खोटी का? अजिबात नाही. खाज थांबते हे निरीक्षण आहे, पिढ्यानपिढ्यांचं, आणि ते पक्कं आहे. डळमळीत आहे ते आपण त्याला जोडलेलं स्पष्टीकरण. निरीक्षण आणि स्पष्टीकरण वेगळं काढता येणं ही संशोधनाची पहिली पायरी, आणि मुलाखतीत पॅनेल नेमकं इथेच पकडतं.

मग खाज कशाने थांबत असेल? २०१४ साली कोन्नो आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. किवी फळातल्या स्फटिकांच्या सुया आणि प्रथिनं तोडणारं एक विकर, सिस्टीन प्रोटीएज, त्यांनी एरी रेशीमकिड्याच्या अळ्यांना दिलं. नुसत्या सुयांनी किंवा नुसत्या विकराने फारसं काही झालं नाही. दोन्ही एकत्र दिल्यावर अळ्या मेल्या. आणि कॅल्शियम ऑक्झलेट सुईच्या आकारात नसेल, तर विकर सोबत असूनही तो परिणाम दिसला नाही. सुई भोक पाडते, विकर आत शिरतं. इंजेक्शनच म्हणा ना.

हे किवी आणि अळ्यांचं झालं. शेवळं आणि माणसाचा घसा यांना ते आपोआप लागू होत नाही. पण आता तुमच्याकडे दोन प्रतिस्पर्धी गृहीतकं आहेत. एक, आंबट सुया कमी करतं. दोन, सुया तशाच राहतात, पण आंबट आणि उष्णता मिळून सुईबरोबरचं प्रथिन निकामी करतात. पहिलं खरं असेल तर शिजवल्यावर सुया मोजून कमी भरायला हव्यात. दुसरं खरं असेल तर सुया तेवढ्याच, पण प्रोटीएजची क्रिया गेलेली. असे दोन वेगळे अंदाज निघाले की समजा, विषयाचा प्रश्न झाला.

प्रयोगाला फार पैसे लागत नाहीत, आणि हे मुद्दाम सांगते कारण ग्रामीण कॉलेजातली मुलं आधी उपकरणांची यादी बघून घाबरतात. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली या सुया अंधारात चकाकतात, साध्या सूक्ष्मदर्शकाला दोन पोलरॉइड लावूनही काम भागतं. पाण्यातला अर्क आणि हायड्रोक्लोरिक आम्लातला अर्क असे दोन काढायचे, पोटॅशियम परमँगनेटचं अनुमापन करायचं. पहिल्यातून विद्राव्य ऑक्झलेट मिळतं, दुसऱ्यातून एकूण, वजाबाकी केली की न विरघळलेलं. एमएस्सीला केलेलंच आहे हे सगळं. विचार लावायचा तो कढयांमध्ये. एक नुसत्या पाण्यातली, एक काकडाच्या रसातली, आणि तिसरी महत्त्वाची: सायट्रिक आम्लाने काकडाएवढाच सामू आणलेली. ही तिसरी कढई नसेल तर "काकडामुळे झालं" आणि "आंबटामुळे झालं" यांत फरकच करता येणार नाही. चौथी तेलावर परतलेली ठेवा, कारण घरोघरी ती आधी तेलावरच परततात. माणसांना खायला देऊन "खाजलं का?" विचारायचं मनात असेल तर आधी संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी घ्या. घरच्यांवरसुद्धा परस्पर करू नका.

आणखी एक गोष्ट, जी पाककृतीत सहज निसटते. शेवळं निवडताना वरचं जांभळं आवरण काढतात आणि आतल्या दांड्याचा पिवळसर रवाळ भाग टाकून देतात. तो भाग म्हणजे खरी फुलं. बायका म्हणतात, खाज त्यातच. म्हणजे विषबाधा टाळण्याची पहिली पायरी विळीवर होते, कढईत नाही! आवरण, दांडा, फुलांचा भाग यांतल्या सुया वेगवेगळ्या मोजल्यात तर एक स्वतंत्र प्रकरण होईल. प्रयोगशाळेत जाण्याआधी दोन-चार घरांत निवडताना बसून बघा, आणि तेव्हा वही बाजूला ठेवून हातात विळी घ्या. हाताला आधी तेल लावा.

आता "खाद्यसंस्कृती" वाल्यांसाठी. या विषयावरचं बरंचसं इंग्रजी लेखन ज्या ठिकाणांवर उभं आहे ती शहरं आहेत. आयर्लंडमधल्या कॉर्कचं उदाहरण घ्या. तिथलं इंग्लिश मार्केट १७८८ सालचं, छपराखालचं. गुरामेंढरांच्या रक्तापासून केलेलं ड्रिशीन हे एकेकाळचं गरिबांचं खाणं तिथे आज वारसा म्हणून दाखवलं जातं. बाजाराची इमारत आहे, दुकानं आहेत, रेस्टॉरंटचे मेन्यू आहेत. संशोधकाला धरायला खुंट्या आहेत. ती चौकट उचलून इथे लावली की गडबड होते. मुंबई-नाशिक हायवेवरच्या ढाब्यांत किंवा माळशेजच्या वाटेवरच्या हॉटेलांत तुम्हाला मिसळ, तंदुरी, पिठलं, तांदळाची भाकरी, "गावरान चिकन" दिसेल. शेवळं मेन्यूवर शोधून मला कुठे सापडली नाहीत. मेन्यू हा तुमचा स्रोत असेल तर तुमच्या प्रबंधात हे खाणं अस्तित्वातच नसेल. आणि नसण्याची कारणं साधी आहेत: हंगाम दोन-तीन आठवड्यांचा, निवडायला वेळ, आणि एखाद्या गिऱ्हाइकाचा घसा खाजला तर हॉटेलाचं नाव जाणार. इथलं "रेस्टॉरंट" म्हणजे स्टेशनबाहेर फडक्यावर मांडलेला वाटा आणि त्याबरोबर फुकट मिळणारी पाककृती. "ताई, कशी करायची?" या प्रश्नाला विकणारी बाई जे उत्तर देते, ते नोंदवण्यासारखं साहित्य आहे.

सरकारी कॅलेंडरही बघा. कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव ९ ऑगस्टच्या, जागतिक आदिवासी दिनाच्या आसपास होतात. चांगला उपक्रम आहे. टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी तिथे मिळतात. पण शेवळांचा हंगाम तोवर उलटून गेलेला असतो. महोत्सवातल्या नोंदींवरून यादी केलीत तर मे-जूनचं रान तिच्यातून गळेल. भौगोलिक मानांकनाचंही असंच. शेजारच्या वाडा कोलम तांदळाला ते २०२१ मध्ये मिळालं, कारण तिथे पीक आहे, शेतकरी आहेत, अर्ज करणारी संघटना आहे. रानात आपोआप उगवणाऱ्या कोंबाचा अर्ज कोण करणार?

मला स्वतःला सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रश्न मात्र खाजेचा नाही. आपण खातो तो फुलोरा, तोही उमलायच्या आधी खुडलेला. म्हणजे त्या वर्षी त्या झाडाला बी धरणार नाही. कंद जमिनीत जिवंत राहतो, पुढच्या वर्षी पुन्हा कोंब देतो, त्यामुळे वरवर सगळं ठीक दिसतं. कंद म्हातारे होत जातील आणि नवी रोपं येणार नाहीत, असं झालं तरी बरीच वर्षं बाजारात काही कळणार नाही. उलट, कंदांना बाजूची पिल्लं पुरेशी होत असतील तर खुडण्याने काही बिघडणारही नाही. हे मोजता येतं: खुडलेल्या आणि न खुडलेल्या चौकटी आखायच्या, कंदांचे आकार, नवी रोपं, फळं मोजायची, निदान तीन हंगाम. उत्तर काहीही आलं तरी ते पाड्यावर आधी सांगावं लागेल, कारण "खुडू नका" असा निष्कर्ष जर्नलमध्ये छापणं सोपं आहे आणि जूनच्या कोरड्या दिवसांत ज्या घराला त्या जुड्यांचेच पैसे मिळतात, तिथे जाऊन तो बोलणं अवघड आहे. तानसा-भातसाचं पाणी मुंबईला आणि उन्हाळ्यात टँकर शहापूरच्या पाड्यांना, हे इथल्या लोकांनी पाहिलेलं आहे. संशोधकही काहीतरी घेऊन जायला आलाय, असं त्यांना वाटलं तर त्यात नवल नाही.

म्हणून परवानग्यांचं काम शेवटच्या वर्षावर ढकलू नका. तानसा अभयारण्याच्या हद्दीत नमुना घ्यायचा तर वनविभागाची लेखी परवानगी लागते. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी, ती मागून बघा, त्यात शेवळांची नोंद आहे का आणि कुठल्या नावाने. नमुन्याची ओळख पक्की करायला मुंबईच्या सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम किंवा पुण्याचं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आहे. "स्थानिक बाजारातून शेवळं आणली" एवढ्यावर रिव्ह्यूवर पेपर परत पाठवतात, आणि बरोबरच आहे. या गटातल्या जाती कोंबावरून ओळखणं सोपं नाही.

शेवटी वेळापत्रक, कारण गाईड हे सहसा सांगत नाहीत. तुमचं रजिस्ट्रेशन जुलै-ऑगस्टात झालं तर पहिला हंगाम गेलेला असतो. पुढचा येईपर्यंतचे नऊ-दहा महिने साहित्य वाचन, परवानग्या आणि अनुमापनाचा सराव यांत घाला. सरावाला अळू बारा महिने मिळतं. आणि एप्रिल-मे मध्ये एक चक्कर मारून कुठल्या काकडाला फळ धरलंय ते गावातल्या कुणाला तरी बरोबर घेऊन बघून ठेवा. शेवळं आली आणि काकडं नाहीत, असं झालं तर दुसरी कढई रिकामी राहील.