चार बोटं की वीतभर?

"कशाचे फोटो काढायचेत?" दुकानदाराने विचारलं.

बँकेत उभी नोकरी मी समोरच्याला "कर्ज कशासाठी?" असं विचारण्यात घालवली. आता उत्तर देण्याची पाळी माझी होती.

"मावा," मी म्हणालो. तो माझ्या तोंडाकडे पाहू लागला. त्याला तंबाखूचा वाटला असावा. "अहो, उसावरचा!"

लोणी काळभोरला माझ्या थोरल्या चुलतभावाचा ऊस आहे. 2002 साली लोकरी मावा महाराष्ट्रातल्या उसावर उतरला, तेव्हा आमच्या टेबलावर पीककर्जाच्या फायलींचा ढीग साचला होता. मी कागद पुष्कळ वाचले, पण पान उलटून कधी पाहिलं नाही. यंदा आबांच्या फडात पुन्हा तो पांढरा कापूस दिसला. आबा पंप पाठीला लावायच्या तयारीत होते. त्या कापसात मला काहीतरी वळवळताना दिसलं, पण साठीच्या डोळ्यांना ते उमगेना.

घरी जुनी 50 मिलिमीटरची लेन्स होती. तिच्यामागे एक्स्टेन्शन ट्यूब लावली. स्वस्तात काम होतं, पण कीटकापासून जेमतेम चार बोटांवर जावं लागतं. माझीच सावली पानावर पडायची आणि उसाचं पातं गाल कापायचं.

दुकानदाराने नीट समजावलं. पुष्कळ झूम लेन्सवर 'मॅक्रो' लिहिलेलं असतं, त्याला भुलू नये. खरी मॅक्रो म्हणजे एकास एक. दोन मिलिमीटरचा मावा आतल्या सेन्सरवरही दोन मिलिमीटरच उमटतो. हे 60 ची लेन्स करते, 100 ची करते आणि 180 ची पण करते. फरक आहे तो अंतराचा. एकास एक चित्रासाठी 60 च्या पुढे सुमारे दहा सेंटिमीटर जागा उरते, 100 च्या पुढे अर्धा फूट आणि 180 च्या पुढे वीतभर. अंगठी, नाणी, फुलं यांना 60 पुरे. उडणाऱ्या जिवाला 100 हवी. 180 ची लेन्स जड आणि खिशालाही जड. मी 100 ची घेतली, तीही वापरलेली.

सकाळी, वारा पडलेला असताना फडात गेलो. इतक्या जवळून जेमतेम मिलिमीटरभर खोलीच स्पष्ट येते. श्वास रोखून पंचवीस फोटो काढले, त्यातला एक साधला. मावा गट्ट करणारी जाळीतली अळी! डिफा तिचं नाव. तेव्हाच्या साथीत हाच मित्रकीटक शेतकऱ्यांच्या कामी आला होता.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर आबांनी ती बराच वेळ पाहिली.

"म्हंजी आपण हिलाच मारत हुतो की रं," ते म्हणाले आणि पंप बांधावर ठेवला.

त्या सऱ्यांवर यंदा फवारणी झाली नाही. मला मात्र जुन्या फायली आठवत राहिल्या. त्यातल्या किती फडांत अशी अळी असेल, हे मी कोणाला विचारलंच नव्हतं.