झेल सुटला तरी बॅटर आउट कसा? सॉफ्टबॉल अंपायरशी वाद घालण्याआधी हे वाचा

पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर. एकही आउट नाही. बॅटरने मारलेला चेंडू पिचरच्या डोक्यावर उंच उडतो. अंपायर ओरडतो, ‘इनफिल्ड फ्लाय, बॅटर आउट!’ पुढच्याच क्षणी झेल सुटतो आणि गोंधळ सुरू होतो. ‘कॅच सुटला, मग आउट कसा?’

क्रिकेट खेळून सॉफ्टबॉलकडे आलेल्यांना हा प्रश्न पडणारच. पण इथे अंपायर बरोबर असतो.

नियम कशासाठी?

झेल होणार म्हणून रनर बेसवर थांबतात. हा नियम नसता, तर फिल्डरने चेंडू मुद्दाम सोडला असता. मग रनरना पुढे पळणे भाग पडले असते आणि एकाच चेंडूवर दोघे आउट झाले असते. ही चलाखी रोखण्यासाठी बॅटरला आधीच आउट दिले जाते.

कधी लागू होतो?

• दोनपेक्षा कमी आउट असताना
• पहिला व दुसरा किंवा तिन्ही बेस भरलेले असताना
• इनफिल्डरला सहज झेलता येईल असा फेअर चेंडू उडाल्यावर. बंट किंवा लाइन ड्राइव्हला नाही

खरी गफलत इथे होते

बॅटर आउट झाला, तरी चेंडू ‘डेड’ होत नाही. झेल सुटला तरी रनरवर पळण्याची सक्ती नसते. पळाल्यास जबाबदारी स्वतःची. बाहेरून ‘पळ, पळ’ ऐकून धावणारा रनर टॅग झाला, की दुसराही आउट!

हात म्हणजे बॅट?

क्रिकेटमध्ये बॅट धरलेल्या हाताला चेंडू लागला, तर तो बॅटला लागल्यासारखा धरतात. सॉफ्टबॉलमध्ये हात बॅटचा भाग नाही. बॅट फिरवताना हाताला चेंडू लागला, तर तो डेड आणि स्ट्राइक.

दाद मागता येते?

‘झेल सहज होता का’ हा अंपायरचा अंदाज. त्यावर प्रोटेस्ट चालत नाही. पण फक्त पहिल्या बेसवर रनर असताना इनफिल्ड फ्लाय दिला, तर ती नियमाची चूक. अशा वेळी साधारणपणे पुढची पिच पडण्याआधी प्रोटेस्ट नोंदवावा लागतो. वाद घालण्यात ती वेळ गेली, की हक्कही गेला.

शालेय स्पर्धांतल्या कामगिरीवर दहावी-बारावीचे क्रीडा सवलत गुण अवलंबून असतात. त्यामुळे एक चुकीची धाव महागात पडू शकते. अंपायरचा आवाज आला, की आधी बेसवर थांबा!