एकच रचना, दोघींचे हात

जात्यावरची एकच ओवी आई म्हणते तेव्हा वेगळी लागते आणि आत्या म्हणते तेव्हा वेगळी. मग खरी कुणाची? आज हाच प्रश्न आपण इंग्लंडमधल्या एका रचनेला विचारू.

चेलो हे व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं वाद्य. खुर्चीवर बसून, गुडघ्यांमध्ये धरून ते गजाने वाजवतात. आवाज भरदार, माणसाच्या गळ्याजवळचा. पहिलं महायुद्ध संपल्यावर, 1919 साली, एडवर्ड एल्गार यांनी चेलोसाठी एक कॉन्चेर्टो लिहिला. कॉन्चेर्टो म्हणजे एक वादक पुढे आणि साथीला मोठा वाद्यवृंद. यातला प्रत्येक सूर कागदावर लिहिलेला असतो. तरीही दोन वादकांचं वाजवणं सारखं होत नाही.

आम्ही दोन ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवून ऐकली. पहिलं 1928 सालचं. चेलोवर बिअ‍ॅट्रिस हॅरिसन, आणि वाद्यवृंदाचं संचालन करायला खुद्द एल्गार. तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटंच मावत, म्हणून रचना तुकड्यांत मुद्रित झाली. आवाजात खरखर आहे. पण चाल वाहती आहे. दुःख सांगतानाही बाई कुठे रेंगाळत नाहीत.

दुसरं 1965 सालचं. चेलोवर वीस वर्षांची जॅकलिन द्यु प्रे, संचालक जॉन बार्बिरोली. 1919 साली ही रचना पहिल्यांदा वाजली, तेव्हा हेच बार्बिरोली वाद्यवृंदात चेलो वाजवत होते. जॅकलिन सुरुवातीचे सूर जोरकस ओढते, पुढे एकेका सुरावर थांबते. तिला सगळं मिळून सुमारे तीस मिनिटं लागतात. हॅरिसनबाईंचं त्याहून काही मिनिटं आधीच संपतं.

तुलना करताना आम्ही एक शिकलो. सगळं एकदम ऐकून मत देऊ नये. दोन्हींची पहिली दोन-तीन मिनिटंच पाठोपाठ ऐकावीत. चेलो एकटा सुरू होतो, मग वाद्यवृंदातून एक लांब, संथ धून येते आणि चेलो ती उचलतो. ती धून कोण सरळ म्हणतं, कोण ताणतं, एवढंच पाहावं.

दुसरी गोष्ट अवघड आहे. पुढे जॅकलिनला मज्जासंस्थेचा आजार झाला, वाजवणं सुटलं आणि 1987 साली, बेचाळिसाव्या वर्षी ती गेली. हे कळल्यावर लोकांना तिच्या चेलोत तिचंच रडणं ऐकू येतं. आम्हालाही आलं. पण आजाराचं निदान झालं 1973 साली. मुद्रणाच्या वेळी ती धडधाकट, उमेदीची मुलगी होती. ऐकू येतं ते तिचं दुखणं नाही, तिची मेहनत आणि समज आहे. तिची कीव करून ते श्रेय आपण काढून घेऊ नये.

मग खरी कुणाची? एल्गार स्वतः समोर होते म्हणून हॅरिसनबाईंची, असं आमच्यातल्या दोघी म्हणाल्या. बाकीच्या जॅकलिनपाशी थांबल्या. तुमच्या गटात दोन्ही ऐका. आधी मत सांगू नका. ऐकून झाल्यावर प्रत्येकीला बोलू द्या. आणि काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.